लाल झालेली भाकरी

भाकरी अवघड आणि 'पुट अप विथ' सोपं! हा निकाल एका संगणकी साधनाचा आहे, आणि मला तो मुळीच मान्य नाही.

सहावीच्या वर्गाला वाचायला द्यावा म्हणून इंग्रजीत छोटा उतारा लिहिला आणि शब्दांची पातळी दाखवणाऱ्या एका मोफत संकेतस्थळावर टाकला. नेहमी लागणारे पहिले हजार शब्द तिथे निळे होतात, पुढचे हजार हिरवे आणि यादीबाहेरचे लाल. 'भाकरी', 'तवा', 'ज्वारी' लालभडक. 'आजी कुड नॉट पुट अप विथ इट' या वाक्यातले 'पुट', 'अप', 'विथ' मात्र तिन्ही निळे.

आता वर्गात विचारा. भाकरीला कोण अडेल? आणि 'पुट अप विथ'? 'वर ठेवणं', असं उत्तर येईल. तीन ओळखीचे शब्द शेजारी बसले की 'सहन करणं' असा चौथाच अर्थ निघतो. सुटे शब्द मोजणाऱ्या यादीला तो दिसत नाही. आपण मात्र रंगाला भिऊन भाकरी खोडतो, तिथे 'ब्रेड' लिहितो आणि आजीच्या चुलीवर पाव चढवतो.

वाक्यांचंही तेच. उतारा किती अवघड ते ठरवणारं फ्लेश-किनकेड सूत्र दोनच गोष्टी मोजतं : वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती. 'द वेल वॉज ड्राय बिकॉज देअर वॉज नो रेन' यातलं 'बिकॉज' काढून दोन वाक्यं केली की उतारा 'सोपा' ठरतो. विहीर का आटली, हा दुवा मात्र आता मुलानेच जोडायचा. विहिरीपुरतं ते जमेल. विज्ञानाच्या धड्यात असे दहा दुवे तुटले की मूल तिथेच पुस्तक मिटतं.

शब्द मोजणं वाईट नाही. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी 1920च्या दशकात ढाक्यात होते. वाचनपुस्तकांत नवे शब्द फार, तेही क्वचितच लागणारे, म्हणून बंगाली मुलं अडखळतात, हे त्यांनी पाहिलं आणि पुस्तकं नव्याने लिहिली. त्यांची सुमारे 2000 शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली 1953 साली. वेस्ट यांनी आधी वर्ग पाहिला, मग यादी केली. आपण यादीपाशीच थांबतो.

मदतीशिवाय, मजेत वाचायचं तर शंभरातले 98 शब्द ओळखीचे हवेत, असा हू आणि नेशन या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष. आकडा मोलाचा आहे. पण शब्द ओळखीचे कुणाला, हे वाचणाऱ्या मुलाला विचारूनच ठरवायला हवं. मराठी घरातलं मूल भाकरी, तवा, ज्वारी ओळखतच शाळेत येतं. त्या 98 मध्ये हे तिन्ही शब्द धरा.

म्हणून माझं सांगणं एवढंच : साधन जरूर वापरा, पण प्रती काढण्याआधी उतारा वर्गातल्या दोन मुलांना मोठ्याने वाचायला द्या. ओळीवरून सरकणारं बोट कुठे थांबतं ते बघा आणि तिथला शब्द बदला.

भाकरीवरून ते बोट सरसर पुढे जाईल. ती राहू द्या.