मुली बघतात? मग बंद करा!

अमेरिकेतल्या कार्टूनवाल्यांवर लोक उगाच टीका करतात. गिऱ्हाईक वाढलं म्हणून शटर ओढायला छाती लागते. आपल्या वाण्याला ते कधी जमायचं नाही.

ही छाती केवढी, ते पटकथाकार पॉल डिनी यांनी २०१३ साली दिग्दर्शक केविन स्मिथच्या पॉडकास्टवर सांगितलं. सुपरहिरोंची मालिका मुली आणि बायकाही आवडीने बघू लागल्या की साहेब लोकांच्या पोटात गोळा येतो. कारण मुलगे खेळणी घेतात, मुली घेत नाहीत, असा त्यांचा पक्का हिशेब. नायिका असू द्या, पण मुलग्यांच्या एक पाऊल मागे. दुकानात नायिकेची बाहुली औषधालाही ठेवायची नाही, आणि मुलींनी ती घेतली नाही हा पुरावा पुढच्या बैठकीत मांडायचा! त्याच वर्षी ‘यंग जस्टिस’ ही सुपरहिरोंची मालिका आटोपली. निर्माते ग्रेग वाइसमन यांच्या म्हणण्याप्रमाणे मॅटेल कंपनीची खेळणी खपली नाहीत, म्हणून पैसा आटला. कथा बरी होती की वाईट, हा प्रश्न त्यात आलाच नाही.

बरं, खेळण्यांची कटकट नको म्हणून मोठ्यांसाठी कार्टून किंवा कॉमिक काढलं, तर? तिथे फक्त कापडाची टंचाई. खलनायिका हार्ली क्विन १९९२ मध्ये मुलांच्या बॅटमॅन मालिकेत आली ती नखशिखान्त विदूषकाच्या वेशात. मोठ्यांच्या कॉमिक्समध्ये २०११ पर्यंत तिच्या अंगावर हातरुमालाएवढं कापड उरलं.

पण खरी कमाल २०१६ च्या ‘द किलिंग जोक’ या कार्टूनपटाची. १९८८ च्या मूळ कॉमिकमध्ये बार्बरा, म्हणजे बॅटगर्ल, दार उघडते आणि जोकरची गोळी खाते. तिच्या वाट्याला एवढंच. निर्मात्यांना हा अन्याय वाटला. त्यांनी तिच्यासाठी सुरुवातीला खास नवा भाग लिहिला. त्यात ती बॅटमॅनशी भांडते, गच्चीवर त्याच्याशीच शय्यासोबत करते, मग त्याच्या फोनची वाट बघत झुरते आणि शेवटी मुखवटा उतरवून ठेवते. त्यानंतर दार, जोकर, गोळी सगळं जागच्या जागी. पूर्वी नुसती गोळी होती, आता प्रेमभंग आणि गोळी. भूमिका वाढली नाही असं कोण म्हणेल?

आता ‘शी-रा’ ही मालिका. १९८५ मध्ये ती आली होती, मॅटेलच्याच बाहुल्या मुलींना विकायला. (मुली खेळणी घेत नाहीत हा शोध तेव्हा लागायचा होता.) २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने ती मुलांसाठी नव्याने आणली आणि नायिकेला पोरसवदा ठेवून स्कर्टखाली चड्डी दिली. पहिली चित्रं येताच दाढीमिशा फुटलेले पुरुष समाजमाध्यमांवर हळहळले: ही मुलग्यासारखी दिसते, हिच्यात बाईपणाच नाही! मालिका आपल्यासाठी नाही, हे या गृहस्थांना कोणी कळवलं नव्हतं. मालिकेतल्या उडणाऱ्या, बोलणाऱ्या घोड्याबद्दल मात्र त्यांची काही तक्रार नव्हती.