पंख्याला टांगलेलं जंगल

मंगळवेढ्यातल्या एका प्ले-स्कूलात ‘रेनफॉरेस्ट वीक’ चालू आहे. क्रेप कागदाच्या वेली पंख्याला बांधल्यात, त्यामुळे पंखा बंद. घामाच्या धारांनी अ‍ॅमेझॉनचा दमटपणा आयताच साधला. पेपर प्लेटच्या टूकनची चोच दोनदा गळाली. पाऊस मुलांनी टाळ्या वाजवून पाडायचा. (तालुक्याला तोही चालेल म्हणा.) जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, पण माळ म्हणजे नुसतं गवत, फोटोत उठून दिसत नाही. जमिनीतल्या ओलीवर पिकणाऱ्या इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या चिपाडांच्या बैलगाड्या पोरं फुकटात करायची. आता साहित्याचे पैसे वेगळे, आणि पालकांच्या ग्रुपवर चौकशी: ‘अ‍ॅनाकोंडासाठी हिरवा मोजा कुठं मिळेल?’