घोडा कुठल्या डेपोत बदलला?

पहिला फोन आला तेव्हा मी मटकीतले खडे निवडत होतो. निवृत्त माणूस घरात सापडला की त्याच्यापुढे ताट येतं. तो कादंबरीकार आहे की नाही हे मटकीला ठाऊक नसतं.

"नमस्कार साहेब. तुमची ती बुरुजाची कादंबरी वाचली. एक विचारायचं होतं."

विचारा म्हटलं. छातीचे ठोके वाढले होते. कल्पनेचा उगम, राक्षसाचं प्रतीक, मृत्यूविषयीचं चिंतन, या सगळ्यांवर मी आरशासमोर उभं राहून उत्तरं पाठ करून ठेवली होती.

"घोडा कुठल्या डेपोत बदलला?"

फोनवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते, विट्याकडचे. त्यांचं म्हणणं असं की पान १५१ वर माझा नायक दोन रात्रींत १८० कोस जातो. "दोन मैलांचा कोस धरला तर झाले ५८० किलोमीटर. सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे ९७ टप्पे. साहेब, एवढ्या अंतराला आमचासुद्धा ड्रायव्हर बदलतो. घोडा बदलल्याशिवाय कसा जाईल? आणि बदलला असेल तर तसं लिहायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "अहो, ही अद्भुत कादंबरी आहे. त्यात बुरूज चालतो."

"बुरूज चालू दे की," ते म्हणाले. "बुरुजाचं मला काही माहीत नाही. घोड्याचं माहीत आहे."

मी ३४ वर्षं सहकारी संस्थांचं ऑडिट केलं. लोकांच्या वह्यांत बोट घालून "हे कसं?" विचारणं हा माझा धंदा. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्या वहीत बोट घातलं होतं.

कादंबरी सुचली तीही ऑडिटातच. एका संस्थेच्या गोदामाची तपासणी होती. रजिस्टरला १४ खण, मी मोजले तर १३. पुन्हा मोजले, तरी १३. गोदामपाल शपथेवर १४ सांगत होता. शेवटी कळलं की एक खण मधे भिंत घालून कधीचाच बंद केलेला होता, आणि रजिस्टरमध्ये तो बिचारा सुखाने नांदत होता. मी शेरा मारला, चहा प्यालो, परतीच्या गाडीत बसलो. पण डोक्यात तो चौदावा खण राहिला. कोणी आत गेलं आणि मोजणीच्या वेळी तो नाहीसा झाला तर? त्यातून निघाला बारा बुरुजांचा किल्ला, ज्याचे बुरूज अमावास्येला मोजले की तेरा भरतात. लिहायला अकरा वर्षं लागली, कारण मार्चएंड दरवर्षी यायचा.

हे मी एका वाचनालयातल्या सत्कारात सांगितलं, तर लोक हिरमुसले. त्यांना स्वप्न, साक्षात्कार, निदान आजीच्या गोष्टी तरी हव्या होत्या. (त्याच सत्कारात माझी ओळख 'बालसाहित्यिक' अशी करून देण्यात आली. आपल्याकडे राक्षस आला की पुस्तक आपोआप मुलांच्या कपाटात जातं. माझ्या राक्षसाला मूळव्याध आहे, हे मी तिथे बोललो नाही.)

पण या धंद्यातले मूळपुरुष पाहिले तर सगळेच रजिस्टरवाले निघतात. हिंदीतले देवकीनंदन खत्री घ्या. बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांनी घेतला होता. ठेकेदार माणूस जंगलात काही साक्षात्कारासाठी जात नाही. पण त्या रानात पडके किल्ले होते, भुयारं होती. ठेका पुढे गेला. पडक्या किल्ल्यांचं भांडवल तेवढं शिल्लक राहिलं. त्यावर १८८८च्या सुमारास 'चंद्रकांता' उभी राहिली, आणि मग 'चंद्रकांता संतति'चे २४ भाग. मागणी पुरवायला पुढे खत्रींनी स्वतःचा छापखानाच काढला, लहरी प्रेस.

आमच्या पिढीला 'चंद्रकांता'तली मंडळी दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात भेटली. त्यातल्या क्रूरसिंहाच्या भुवया आठवतात, आणि "यक्कू" हा उद्गार. मूळ पुस्तकात मात्र मला भावला तो ऐयारांचा बटवा. वेषांतर करणारा हा हेर, पण नुसत्या जादूवर त्याचं भागत नाही. बेशुद्ध करायची पूड वेगळी, शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा वेगळा, आणि सगळं बटव्यात भरून कमरेला. आपल्या आजीच्या बटव्यात सुंठ-जायफळ असायचं, तसंच. वाचकाला अशी वस्तू हातात दिली की तो पुढचं भुयार मुकाट्याने मान्य करतो.

आणि वाचक तरी कसले! 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या असंख्य लोकांनी हिंदी शिकून घेतली, हे आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवलं आहे. या कादंबऱ्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत, हा शेराही त्यांनीच मारला आहे. ऑडिट रिपोर्ट असाच असतो. जमा बाजूला एवढा मोठा आकडा, आणि खाली तांबड्या शाईत आक्षेप.

माझ्यासाठी अजून कोणी लिपी शिकलेलं नाही. मेहुण्यांनी मात्र चष्म्याचा नंबर बदलून घेतला. कादंबरीतला चिकट खजिनदार म्हणजे आपणच, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. वाचून झाल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "मी एवढा उंच नाही."

मराठीतलं उदाहरण नाथमाधवांचं. हे कुलाब्याला तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि बिछान्यावर वाचता वाचता लेखक झाले. त्यांच्या 'वीरधवल'वर आपल्या आज्या-पणज्यांनी रात्री जागवल्या. 'वीरधवल' १९१३ची. खत्री वारले तेही १९१३ला. आणि खत्री जन्मले त्या १८६१ साली इकडे हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी छापली गेली. आकडे असे दोन्ही बाजूंनी जुळले की ऑडिटरला उगाचच बरं वाटतं. अर्थ काही नसतो.

कंडक्टरांच्या फोनचा घाव भरतो न भरतो तोच वाईहून पत्र आलं. आंतर्देशीय, चारही बाजूंनी भरलेलं. लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. सुरुवातीला कौतुक होतं, राणीच्या दागिन्यांत वज्रटीक घातल्याबद्दल खास. मग: "पान १४३. नायक वद्य चतुर्थीला निघतो आणि दिवेलागणीला चंद्र त्याच्या डोक्यावर असतो. मी चाळीस वर्षं संकष्टी करते. चतुर्थीचा चंद्र दिवेलागणीला डोक्यावर येत असता तर आम्ही बायका रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत उपाशी कशाला बसलो असतो?"

या प्रश्नाला साहित्यशास्त्रात उत्तर नाही. मी पत्र बायकोला दाखवलं. तीही संकष्टी करते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हस्तलिखित मला वाचायला दिलं असतं तर?"

त्या रात्री मला टोल्कीन आठवला. ऑक्सफर्डचा प्राध्यापक, चार मुलांचा बाप. उन्हाळ्यात जादा पैशांसाठी शाळकरी मुलांचे पेपर तपासायचा. त्यात एका मुलाने एक पान कोरं सोडलेलं निघालं, आणि त्या पानावर ह्याने हॉबिटचं पहिलं वाक्य खरडलं. पेपर तपासताना कोरं पान आलं की केवढा आनंद होतो, हे तपासणाऱ्यालाच कळतं. पुस्तक १९३७च्या सप्टेंबरात आलं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची, नाताळच्या आत संपली. ते छापावं की नाही हे प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारलं होतं आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिलं होतं. मराठी प्रकाशनव्यवहारात अभिप्रायाचे पैसे मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पण मला आठवला तो दुसऱ्याच कारणाने. या माणसाला चंद्राने आणि अंतरांनी आयुष्यभर छळलं. पुढच्या मोठ्या कादंबरीत दोन ठिकाणचा चंद्र एकमेकांशी जुळेना, म्हणून त्याने कला मोजत मागची प्रकरणं दुरुस्त केली. १९६० साली तर, 'हॉबिट' जगभर गाजून चुकलेलं असताना, तो ते पुन्हा लिहायला बसला: प्रवासाचे दिवस, मुक्कामांची अंतरं, चंद्राच्या कला, सगळा ताळेबंद जुळवायला. थोडी प्रकरणं झाल्यावर त्याने ती कोणाला तरी दाखवली. चांगलं आहे, पण हे 'हॉबिट' नाही, असं उत्तर आलं. त्याने काम सोडून दिलं.

मला असं सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून मी पंचांग घेऊन बसलो.

कंडक्टरांना फोन केला. घोडा बदलायचा नाही, तो नायकाचा लाडका आहे, तर दिवसाला किती चालवायचा? "दहा टप्पे," ते म्हणाले. "दुपारी विसावा. पाणी दाखवा. आणि घाटात उतरून चालायला लावा नायकाला, नाहीतर लोक शिव्या देतील." ९७ टप्प्यांना दहा दिवस. वद्य चतुर्थीला निघालेला नायक वद्य चतुर्दशीला पोहोचणार, आणि दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे बुरूज हलायचा दिवस.

मी पेन खाली ठेवलं. छापील कादंबरीत नायक दोन रात्रींत पोहोचतो आणि मग अमावास्येची वाट पाहत नऊ दिवस धर्मशाळेत पडून राहतो. ही अठरा पानं लिहिताना माझा जीव गेला होता. एकमेव परीक्षण आलं, त्यात याच भागाला 'रेंगाळलेला' म्हटलं होतं. मी परीक्षणकर्त्याला मनातल्या मनात खूप काही बोललो होतो. घोडा घोड्यासारखा चालला असता तर धर्मशाळेची गरजच नव्हती. विट्याच्या आणि वाईच्या दोन माणसांनी, एकमेकांना न ओळखता, माझी कादंबरी दोन बाजूंनी ओढून सरळ केली.

हे मी कंडक्टरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धर्मशाळा काढू नका साहेब. तिथलं पिठलं मला आवडलं होतं."

एकूण ५०० प्रती छापल्या. पैकी २१२ पलंगाखाली आहेत. बाहेर गेलेल्या २८८पैकी विकत घेतलेल्या किती, हे मी ऑडिटर असूनही मोजलेलं नाही. दुसऱ्या आवृत्तीचा विषय काढला की प्रकाशक पावसापाण्याचं विचारतात. म्हणून रोज मटकी झाली की पाच-पाच प्रती काढतो आणि निळ्या पेनाने दुरुस्त करतो. बाहेरच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपया एवढं करून घ्यावं: पान १४३, ओळ नववी, 'चंद्र डोक्यावर आला होता' ऐवजी 'चंद्र उगवायला अजून अवकाश होता'. पान १५१, ओळ दुसरी, 'दोन रात्रींत' ऐवजी 'दहा दिवसांत'. धर्मशाळेची पानं वाचायची की नाहीत, ते ज्याने त्याने ठरवावं. पिठल्याची कृती पान १६० वर आहे.