स्टेपनीचं व्याख्यान

आमची गाडी अकरा वर्षांची आहे. मूळच्या चंदेरी रंगाला आता जुन्या कुकरची कळा आली आहे. मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, त्यामुळे सासूबाईंना दर वेळी बाहेरून जाऊन दार उघडून द्यावं लागतं आणि त्या ती जावयाची अदब समजतात. पण चाकं? चाकं पाहावीत! डायमंड कट अलॉय. तीन दिवाळ्यांपूर्वी बोनस आला, घराला रंग लावायचा असं ठरलं आणि मी चाकं घेऊन आलो. "फाटक्या धोतराला जरीकाठ," एवढंच ही म्हणाली होती.

डायमंड कट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांना मी एरवी न विचारता सांगतो, तसं आताही सांगतो. चाकाला आधी रंग देतात, मग लेथवर त्याचा चेहरा तासतात. खालून उघडं ॲल्युमिनियम चमकायला लागतं आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर बसवतात. उन्हात नीट पाहिलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसतात. दर रविवारी जुन्या बनियनने मी त्या रेघा पुसतो. माझ्या चष्म्याला हे भाग्य नाही.

तर टायर बदलायची वेळ आली. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. माझे टायर त्याही पलीकडे, माझ्याच डोक्याच्या वळणावर गेले होते. मी आठवडाभर अभ्यास केला. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ज्या टायरवर बाण असतो तो बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. आपल्याला कुणी गंडवू शकणार नाही अशा तयारीने मी पुण्यातल्या एका टायरच्या दुकानात पोचलो.

पोचल्या पोचल्या मी उकिडवा बसून चारही टायरचे आकडे मोठ्याने वाचले. आकडे, बाण, गाडीचं मीटर, सगळ्याचे फोटो काढले. एकूण तेवीस. दुकानातला पोऱ्या, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे कौतुकाने पाहत होता. निदान मला तसं वाटलं. "काका, तुमचा पण धंदा टायरचाच का?" त्याने विचारलं. 'काका' मला आवडलं नाही, पण बाकीचा प्रश्न आवडला.

भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी एक टॉर्क रेंच टांगला होता. नट किती आवळायचा ते मोजून सांगणारा हा पाना. त्याच्यावर हळदीकुंकू होतं, दांड्याला झेंडूचं वाळकं फूल होतं आणि प्लॅस्टिकचं वेष्टण अजून तसंच होतं. दसऱ्याखेरीज त्याला कुणी खाली उतरवत नसावं. हे मी पाहिलं, मला गंमत वाटली, आणि मी पुढे गेलो. शहाण्या माणसाने इथेच गाडी वळवली असती.

टायर उतरवण्याचं यंत्र बघत राहावं असं असतं. हवा काढायची, मग बाजूचा पंजा टायरला रिमपासून फोडून वेगळा करतो. चाक आडवं करून फिरत्या तबकावर चढवायचं. वरून बदकाच्या चोचीसारखं एक डोकं रिमच्या काठाशी येऊन टेकतं. टायरच्या ओठात पोलादी तारा असतात, तो ताणला जात नाही. म्हणून समोरच्या बाजूने टायर रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायचा, तेव्हा कुठे इकडच्या बाजूला ढील मिळते. मग टॉमी घालून ओठ चोचीवर घ्यायचा आणि तबक फिरवायचं. समोरची बाजू खोलगटातून वर आली की ढील संपली. मग टॉमी आणि चोच दोन्ही ॲल्युमिनियमला चावतात. चोचीवर प्लॅस्टिकचं टोपण असतं. असायला हवं. त्या यंत्राचं ते झिजून नुसती कड उरली होती.

पोऱ्या तळहाताने टायर दाबून, टॉमी लावून अगदी व्यवस्थित काम करत होता. हे मला आज त्याच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. तीन टायर चढले, एक ओरखडा नाही. चौथ्याच्या वेळी मालकाने चहा मागवला आणि सहज म्हणाला, "स्टेपनीचा पण टायर टाकू का साहेब?"

स्टेपनी! मी याच शब्दाची वाट पाहत असल्यासारखा सुटलो. म्हटलं, हा शब्द कुठून आला माहीत आहे का? पूर्वी मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४ साली वेल्समधल्या एका गावात दोघा भावांनी नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर असं सुटं चाक काढलं. पंक्चर झालेल्या चाकाला ते शेजारून चिमट्यांनी जोडायचं. त्या गावातली स्टेपनी स्ट्रीट, तिचं नाव चाकाला लागलं. खुद्द इंग्रजांच्या तोंडी 'स्पेअर व्हील' राहिलं आणि आपण मात्र ती गल्ली अजून डिकीत घालून हिंडतो!

मालकाने विचारलं, "कुठलं गाव म्हणालात?"

इथे माझा घात झाला. गावाचं नाव लानेथ्ली. पण देवनागरीत लिहिलंय तसं ते म्हणायचं नसतं. जीभ 'ल'ला लावतात तशी टाळूला टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी आरशासमोर सराव केलेला होता. मालकासमोर उभा राहून, चहाचा कप बाजूला धरून, मी तो उच्चार पूर्ण श्वासाने केला.

फुस्स्स!

पाठीमागे पोऱ्याने दचकून मान वळवली. टायरवाल्याच्या कानाला तो आवाज एकाच गोष्टीचा वाटणार. समोरच्या बाजूचा हात उचलला गेला, तबक फिरतच राहिलं आणि माझ्या फुस्सला उत्तर आलं: खर्रर्रर्र.

ओरखडा वीतभर होता. काठावरचं लॅकर सोलून त्याची एक पातळ साल चोचीला लोंबत होती. मी ती बोटावर घेतली. मांजराची मिशी घ्यावी तशी.

मालक म्हणाला, "हे आधीचं आहे साहेब."

"अहो, आत्ता माझ्यासमोर झालं!"

"समोर कुठे? तुम्ही तर माझ्याकडे तोंड करून बोलत होता."

याला उत्तर नव्हतं. मी मोबाइल काढला. तेवीस फोटोंत आठवडे होते, वर्षं होती, बाण होते. चाकाचा चेहरा एकाच फोटोत होता आणि नेमका त्या काठावर माझा अंगठा होता. मालकाने फोटो मोठा करून माझ्या अंगठ्याचं नख बघितलं आणि मोबाइल परत दिला. शेवटी बॅलन्सिंगचे पैसे सोडून द्यायचे आणि नायट्रोजन फुकट भरायचा यावर तडजोड झाली. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच, तेव्हा खरी भरपाई बावीस टक्क्यांची, हे मला घरी आल्यावर सुचलं.

घरी मी गाडी भिंतीला खेटून लावली, ओरखडा भिंतीकडे. पावसाळा आला आणि त्या सोललेल्या काठापासून लॅकरच्या खालून वाळवीच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा चालू लागल्या. चाकं दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा लेथवर घेऊन चेहरा तासता येईल, पण दर वेळी धातू कमी होतो, सारखं सारखं नाही करता येत. भाव ऐकून मी विचार करून सांगतो म्हणालो.

त्यानंतर एका रविवारी वाईला निघालो. शिरवळच्या अलीकडे तेच चाक पंक्चर. मी बाह्या सरसावल्या. नट हलेना. दुकानात पोऱ्याने हवेच्या गनने टर्रर्र करून आवळले होते. गाडीच्या पुस्तकात साधारण १०० न्यूटन मीटर दिलंय, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला दहा किलो टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. माझा पाना फूटभराचा आणि मी ७८ किलोचा. आधी पाय दिला, मग पान्यावर उभा राहिलो, मग गाडीचा टप धरून उड्या मारल्या. म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त जोर लावून झाला. नट ढिम्म. आत सासूबाई जप करत होत्या. त्यांना बाहेर काढायचं मी विसरलो होतो आणि त्यांचा दरवाजा आतून उघडत नाही.

एक टेम्पोवाला थांबला. काही न बोलता त्याने स्वतःच्या गाडीतून लोखंडी पाइपचा तुकडा आणला, पान्यात घातला आणि चार नट चार झटक्यांत सोडवले. मी डिकीतून स्टेपनी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला.

"हिच्यात हवाच नाय की ओ."

ही माझ्याकडे बघत होती. दुकानात जे झालं ते सगळं मी तिला सांगितलेलं होतं, उच्चारासकट. ती काही बोलली नाही. फक्त जीभ टाळूला लावून तिने दोन्ही बाजूंनी हवा सोडली. माझ्यापेक्षा शुद्ध जमलं तिला.

पंक्चर काढून आणेपर्यंत दुपार झाली, पण काढणाऱ्याने आणखी आठवडाभरच टिकेल असं ठिगळ लावलं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच दुकानात जावं लागलं. या वेळी मी शपथ घेऊन गेलो होतो. चहा नको म्हणालो. यंत्राच्या चोचीवर नवं टोपण होतं. मी पोऱ्याच्या शेजारी हाताची घडी घालून, नजर रिमच्या काठावर रोवून उभा राहिलो. त्याने साबणाचं पाणी फिरवलं, समोरची बाजू तळहाताने दाबली, टॉमी घातली, तबकाच्या पायट्यावर पाय ठेवला आणि मान वर करून हसत म्हणाला,

"काका, त्या स्टेपनीच्या गावाचं नाव परत एकदा सांगा ना. यांना ऐकायचंय."

मागे दुकानातली आणखी तीन पोरं येऊन उभी होती. मी तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाकाकडे बोट दाखवलं.