नॉर्मल आहे, सर!

ऑपरेशन झालं की आपल्याकडे माणसं भेटायला येतात. शहाळी येतात, मोसंबी येतात, 'आमच्या आतेभावाचं अगदी असंच झालं होतं' हेही येतं. पित्ताशयातला खडा काढलेला माणूस तो खडा बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवतो. एकच ऑपरेशन असं आहे की ते करून घेतलेला माणूस रात्री उशिरा, सोसायटी झोपलेली असताना, लिफ्ट टाळून जिन्याने घरी येतो. डोक्यावर क्लिनिकने दिलेली काळी सैल टोपी असते. या जातीच्या माणसाला आपण सोयीसाठी केशवराव म्हणू.

केशवरावांच्या कपाळाने तिशीतच मागे सरकायला सुरुवात केली आणि पस्तिशीत ते टाळूला जाऊन मिळालं. पुढची सात-आठ वर्षं त्यांनी ते टक्कल उघड्यावर वागवलं. बँकेत बसून लोकांची कर्जं मंजूर केली, मुंजी-लग्नांत मिरवले, सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या खर्चावरून भांडले. त्या डोक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते नजरेत भरलं टोपी चढल्यावर. ऐन मे महिन्यात, घरात, जेवतानासुद्धा टोपी घालणारा माणूस पाहून समोरच्या काकूंना पहिल्या दिवशी शंका आली, दुसऱ्या दिवशी खात्री झाली आणि तिसऱ्या दिवशी लावलेल्या केसांच्या मुळांचा, म्हणजे ग्राफ्टचा, आकडाही कळला. अडीच हजार.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल केशवरावांची तक्रार फारशी नसते. डोकं बधिर करणारी इंजेक्शनं तेवढी डोळ्यांतून पाणी काढतात. मग टेबलाच्या भोकात तोंड घालून पालथं पडायचं आणि डॉक्टरांनी मानेवरच्या दाट भागातून मिलिमीटरभर तोंडाच्या हत्याराने एकेक केसाचं मूळ उचलायचं. दुपारी जेवायची सुट्टी. मग उताणं होऊन तीच मुळं पुढे लावून घ्यायची. सात-आठ तासांत काम संपतं. केशवरावांचं काम सुरू होतं ते त्यानंतर.

पहिला प्रश्न झोपेचा. पुढे ग्राफ्ट लावलेत म्हणून पालथं झोपायचं नाही. मागे अडीच हजार बारीक जखमा आहेत म्हणून उताणं टेकवत नाही. कुशीवर वळलं तर उशीला काय घासेल याचा भरवसा नाही. तेव्हा पाठीशी चार उशा, मानेभोवती विमानप्रवासातली गोल उशी आणि पंचेचाळीस अंशांचा कोन. आठवडाभर केशवराव रोज रात्री एस.टी.तून बसून प्रवास करतात आणि सकाळी गाव काही येत नाही. शिवाय दर तासाला मोबाइल वाजतो. मग उठून सलाइनचा फवारा मारायचा. वहिनींनी दोन रात्री हे सहन केलं आणि तिसऱ्या रात्री उशी घेऊन मुलांच्या खोलीत बस्तान हलवलं.

त्याच तिसऱ्या रात्री सूज खाली उतरू लागते. डोक्यात टोचलेलं पाणी कुठेतरी जाणारच, आणि पाणी उताराकडेच जातं. आधी कपाळ फुगतं, मग भुवया, मग पापण्या. चौथ्या दिवशी सकाळी केशवराव आरशासमोर उभे राहिले, पण आरसा दिसेना. दोन बोटांनी एक पापणी वर धरून त्यांनी फोटो काढला आणि क्लिनिकच्या समन्वयक बाईंना पाठवला. तिकडून तत्काळ उत्तर आलं, 'नॉर्मल आहे, सर.'

पण केशवरावांच्या मातोश्रींना हे नॉर्मल पटेना. नजर लागली, असा त्यांचा निर्वाळा. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन त्या आल्या तेव्हा केशवराव खुर्चीतून ताडकन उठले.

"आई, डोक्यावरून ओवाळू नकोस! ग्राफ्ट आहेत!"

"मग काय गुडघ्यावरून ओवाळू? दृष्ट काय तिथे लागलीये? तुझ्या वडिलांनी त्या टकलावर सगळा संसार केला. माझं काही अडलं नाही हो."

"बाबांच्या वेळी हे नव्हतं."

"असतं तरी त्यांनी त्या पैशांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं असतं."

दृष्ट शेवटी पोटावरून काढण्यात आली.

बंधनं म्हणाल तर साधीच असतात, पण ती माणसाच्या हाडीमाशी मुरलेल्या सवयींवर घाला घालतात. गळ्यातून घालायचं काही चालत नाही, म्हणजे बनियन गेला. घरात घालायला कॉलेजात असतानाचे दोन बटणांचे सदरे बाहेर निघाले, ते पोटावर बसेनात. खाली वाकायचं नाही, म्हणून देवघरापुढे केशवराव शाळेत राष्ट्रगीताला उभे राहावं तसे ताठ उभे राहून हात जोडतात. स्वयंपाकघरातली मांडणी, गाडीचं दार, कपाटाचा उघडा राहिलेला वरचा कप्पा, सगळे एकजात वैरी झालेले. शिंक आली की घरातली माणसं श्वास रोखतात. हेल्मेट तर दोन-तीन आठवडे वर्ज्यच. हेल्मेट न घालण्याला डॉक्टरची चिठ्ठी असलेला हा पुण्यातला विरळा दुचाकीस्वार, आणि नेमका तोच रिक्षाने फिरतो.

सूज ओसरली की खाज येते. प्रत्येक ग्राफ्टभोवती बारीक खपली धरलेली असते आणि ती आतून गुदगुल्या करत राहते. खाजवायचं नाही. फार झालं तर शेजारच्या कातडीवर बोटाने हलकेच थापटायचं. दहाव्या दिवसाच्या सुमारास लहान बाळांचा शाम्पू लावून, मगमधून हळूहळू पाणी सोडून केशवराव डोकं धुतात. खपल्या सुटू लागतात. एका खपलीबरोबर एक केस तळहातावर येतो. केशवराव तो कागदावर ठेवतात, बाजूला मोजपट्टी ठेवतात, फोटो काढतात. 'नॉर्मल आहे, सर.'

तिसऱ्या आठवड्यात कामावर हजर व्हावं लागतं. शाखेत त्यांनी मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलेलं असतं, कारण डोक्यापेक्षा ती जागा सांगायला त्यांना कमी संकोच वाटतो. पण शाखाधिकारी स्वतः त्याच दुखण्यातून गेलेले निघतात. ते केबिनमध्ये बोलावून कळकळीने टाके किती, विचारतात. कडक खुर्चीवर बसू नका म्हणून रबरी चकती मागवून देतात. केशवराव महिनाभर त्या चकतीवर बसतात आणि टाळूवरच्या लाल ठिपक्यांना 'उष्णता बाहेर पडतेय' म्हणतात.

आणि मग मुख्य प्रसंग येतो. लावलेले केस गळतात. सगळे नाही, पण बहुतेक. महिना-दीड महिना उलटेपर्यंत पुढचं रान पुन्हा मोकळं होतं, आणि बधिरपणा रेंगाळल्यामुळे त्यावर माशी बसली तरी केशवरावांना कळत नाही, मुलगी येऊन उडवते. मुळं आत शाबूत असतात, केस तेवढा झडतो, तीन-चार महिन्यांनी नवा येतो, हे सगळं क्लिनिकने आधी सांगितलेलं असतं, छापून दिलेलं असतं, त्यावर केशवरावांची सहीही असते. पण मोरीच्या जाळीत अडकलेले केस वेचणाऱ्या माणसाला छापील कागद काय धीर देणार? वहिनी दारातून म्हणतात, "अहो, एवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या. त्या गळल्या तरी नसत्या." क्लिनिककडून आलेल्या उत्तराकडे केशवराव आता बघतही नाहीत.

या काळात त्यांचं वाचन मात्र दांडगं होतं. संध्याकाळी कट्ट्यावर ते आपण होऊन विषय काढतात. जपानच्या डॉक्टर ओकुदांनी १९३९ सालीच हे केस लावण्याचं तंत्र लिहून ठेवलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत जगाने लक्ष दिलं नाही. मग न्यूयॉर्कच्या डॉक्टर ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं की मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्याच स्वभावाने वागतो, म्हणजे टिकतो. "आणि वैद्यकशास्त्राचा जनक हिप्पोक्रेटिस? तोसुद्धा टकला!" हे सांगताना टोपी कधी मांडीवर आली, हे त्यांनाही कळत नाही. लपवायची म्हणून आणलेली गोष्ट ते आता अनोळखी माणसालाही सांगतात. समोरच्या काकूंना या विषयात रस उरलेला नाही.

न्हाव्याला मात्र काही सांगावं लागत नाही. चौथ्या महिन्यात केशवराव खुर्चीत बसले, त्याने मानेवरून मशीन फिरवलं, पांढरे बारीक ठिपके पाहिले आणि आरशातून म्हणाला, "मागचे काढून पुढे लावले काय, साहेब? बरं केलं. मला दोन्हीकडे काम."

पाचव्या-सहाव्या महिन्यात केस येतात. आधी कुरळे, चिवट, दुसऱ्याच कुणाचे असावेत असे, आणि वर्षभरात सरळ होऊन भांग पडण्याजोगे. केशवरावांची पंचाईत इथे होते. कुणी काही बोललं नाही तर पैसे वाया गेले, आणि कुणी बोललं तर लावलेले आहेत हे कळतं! लग्नात भेटलेला एखादा जुना मित्र म्हणतो, "तब्येत सुधारली हं तुझी!" ते दोन दिवस या वाक्याचा कीस पाडत बसतात.

एव्हाना आपल्यासारखीच वाट चालू लागलेली कपाळं त्यांना गर्दीतही ओळखू येतात. परवा शाखेतला एक तिशीतला पोरगा घरी आला, खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "सर, त्रास फार होतो का हो?"

"छे रे! मुंगी चावते तेवढंसुद्धा नाही. दोन दिवस डोकं जड वाटतं, बस."

आत वहिनींच्या हातून डबा पडला.

केशवराव खोटं बोलत नव्हते. दुखलं होतं, हे ते खरंच विसरलेत. ही विसरभोळी माणसं आहेत म्हणून तर असली क्लिनिकं चालतात. सूज, खाज, चार उशा, सगळं आठवत राहिलं असतं तर दुसऱ्या सिटिंगला कोण गेलं असतं? आणि दुसरं सिटिंग आहे. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे मूळचे केस आपली परंपरा सोडत नाहीत. टाळूच्या मागे, भोवऱ्यापाशी आता एक गोल मोकळं मैदान तयार होऊ लागलंय. दोन आरसे समोरासमोर धरून केशवराव रोज त्याचा घेर बघतात. तारीख मार्चअखेर संपल्यावरची धरली आहे. फक्त या वेळी शाखेत काय सांगायचं ते ठरायचंय, गुडघा की हर्निया. वहिनींचा कौल हर्नियाला आहे. गुडघा काय, कुणीही दाखवायला सांगतं.