मिनिटांचा मुनीम

मिनिटांचा मुनीम हा बास्केटबॉलच्या चाहत्यांमधला एक प्रकार आहे. संघ जिंकला की हरला याची चौकशी तोही करतो, पण त्याची झोप उडते ती कोण किती मिनिटे खेळला या प्रश्नाने. असे चाहते सगळ्याच संघांच्या पदरी असतात. मात्र या जातीचा पूर्ण वाढलेला नमुना पाहायला मिळाला तो न्यूयॉर्क निक्सच्या गोटात, २०२० ते २०२५ या काळात. या पाच वर्षांत टॉम थिबोडो निक्सचे मुख्य प्रशिक्षक होते. थिबोडोंचा एखाद्या खेळाडूवर विश्वास बसला, की तो खेळाडू मग बाकावर फारसा बसत नसे.

तक्रारीचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जण असतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती वाटायला २४० मिनिटे येतात. घेणारे पंधरा. फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परतत नाही, म्हणून तिथला वाद दोन-चार बदलांवर भागतो. बास्केटबॉलमध्ये बदलांना मर्यादा नाही. सहावा फाउल होईपर्यंत खेळाडू कितीही वेळा जातो आणि कितीही वेळा येतो. त्यामुळे एका संध्याकाळी प्रशिक्षकाला डझनावारी निर्णय घ्यावे लागतात आणि प्रत्येक निर्णयानंतर कोणीतरी बसलेले राहते. साधारणपणे हंगामात नऊ-दहा जण आलटून पालटून खेळतात, हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, हा आकडा सात-आठवर येतो. थिबोडोंच्या राज्यात प्लेऑफ ऑक्टोबरातच सुरू होतात, असे मुनिमाचे म्हणणे असे.

सामना पाहताना मुनिमाची नजर चेंडूवर नसते, स्कोअररच्या टेबलावर असते. मैदानात उतरणारा बदली खेळाडू अंगावरचा सरावाचा शर्ट काढून या टेबलापाशी येतो आणि खेळ थांबेपर्यंत तिथेच बसून राहतो. बाकावरच्या कोणी शर्टाच्या कडेला हात घातला, की मुनीम खुर्चीत पुढे सरकतो. त्या खेळाडूला नुसतेच उकडत होते असे कळले, की मागे सरकतो आणि प्रशिक्षकाचे नाव घेऊन सुस्कारा सोडतो. संघ वीस गुणांनी पुढे आहे, चार मिनिटे उरली आहेत आणि पहिले पाच अजून धावताहेत, हे दृश्य त्याला बघवत नाही. इतरांना त्यात विजय दिसतो, त्याला उधळपट्टी दिसते. त्या पाचांना बसवल्यावर आघाडी वीसवरून आठवर आली, तर ‘आत्ताच काढायची काय घाई होती?’ हे वाक्यही त्याच्याकडे तयार असते.

सामना संपल्यावर त्याचे खरे काम सुरू होते. बॉक्स स्कोअर हा तक्ता इतर लोक गुणांसाठी उघडतात. मुनीम मिनिटांच्या रकान्यावर बोट ठेवून वरून खाली येतो आणि तळाशी थांबतो. न खेळलेल्यांच्या नावापुढे तिथे ‘प्रशिक्षकाचा निर्णय’ अशी नोंद असते. दुखापत नाही, आजार नाही, निव्वळ निर्णय. त्या नोंदीवर तो रात्रीचे जेवण गार करतो.

या प्रकारच्या चाहत्याचे स्वतःचे रोटेशन, म्हणजे मिनिटांचे वाटप, नेहमी तयार असते. २०२४-२५ च्या हंगामातले त्याचे एक नमुनेदार वाटप पुढीलप्रमाणे असे: जेलन ब्रन्सन ३४, कार्ल-अँथनी टाउन्स, ओजी अनुनोबी आणि मिकाल ब्रिजेस प्रत्येकी ३३, जॉश हार्ट ३०. इथपर्यंत समजूतदारपणा आहे. पुढे माइल्स मॅकब्राइडला २६, कारण तो चपळ आहे. मिचेल रॉबिन्सनला २४, कारण तो उंच आहे. लँड्री शॅमेटला १६, कॅमेरॉन पेनला १४ आणि प्रेशस अचिउवाला १२, कारण त्यांनीही घाम गाळला आहे. शेवटी टायलर कोलेकला ८, कारण पोरगा शिकणार कधी? बेरीज २६३ होते. जास्तीची २३ मिनिटे कोणाच्या ताटातून काढायची हा प्रश्न मुनिमाला कोणी विचारत नाही, आणि तो स्वतःहून बेरीज मारत नाही. प्रशिक्षकाची बेरीज मात्र पंच आणि घड्याळ मिळून मारतात.

मुनिमांमध्ये तीन पोटजाती आढळतात. पहिली वंचितांच्या कैवाऱ्याची. हा संघातला सर्वांत कमी खेळणारा खेळाडू दत्तक घेतो. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत, ज्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही, त्या खेळाडूने दिलेले दोन सुंदर पास त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बाकावर बसलेल्याचा नेम चुकत नाही, चेंडू हातून निसटत नाही, प्रतिस्पर्धी त्याला हुलकावणी देत नाही. त्यामुळे जितके दिवस तो बसतो, तितका तो थोर होत जातो. पुढे संधी मिळून त्याने आल्या आल्या चेंडू घालवला, तर तेही प्रशिक्षकाच्याच खाती पडते: बसवून बसवून आत्मविश्वास मारला.

दुसरी पोटजात तब्येतीच्या तज्ज्ञाची. याच्याकडे जुनी पाने जपून ठेवलेली असतात आणि ती खोटी नसतात. थिबोडो शिकागो बुल्सचे प्रशिक्षक असताना डेरिक रोझ हा २०११ मध्ये एनबीएचा सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला. २८ एप्रिल २०१२ रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, बुल्स १२ गुणांनी पुढे असताना आणि दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला असताना, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढच्या अख्ख्या हंगामाला त्याला मुकावे लागले. त्याच संघातला लुओल डेंग सलग दोन हंगाम सामन्यामागे सर्वाधिक मिनिटे खेळणारा खेळाडू होता. न्यूयॉर्कमध्ये २०२०-२१ साली हा मान ज्युलियस रँडलकडे आला. २०२४ च्या प्लेऑफमध्ये इंडियाना पेसर्सविरुद्धच्या पहिल्या दोन सामन्यांत हार्ट ४८ पैकी ४८ मिनिटे खेळला. मालिका संपेपर्यंत निक्सचे निम्मे शिलेदार जायबंदी झाले होते आणि सातव्या सामन्यात ब्रन्सनचा हात मोडला. दमणुकीमुळेच हाडे मोडतात असे यातून सिद्ध होत नाही, पण मुनिमाला सिद्धतेची गरज नसते, त्याला तारीख पुरते. विल्ट चेंबरलेन १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला होता, ही नोंद मात्र त्याच्या दप्तरात सहसा सापडत नाही. अर्धे मिनिट जादा वेळेतले.

तिसरी पोटजात पश्चातबुद्धीची. हिला सामना संपल्यावर सर्व काही आधीपासून ठाऊक असते. हिची संख्या सर्वाधिक आहे.

प्रशिक्षकाची बाजू थोडक्यात अशी. ८२ सामन्यांच्या हंगामात प्रत्येक विजयाने प्लेऑफमधले मानांकन सुधारते. एकत्र खेळूनच पाच जणांची एकमेकांशी लय जुळते. आणि आघाडी विरघळायला दोन मिनिटे पुरतात. मिनिटे राखून ठेवणाऱ्यांनाही कोणी सुखाने जगू दिलेले नाही. सॅन अँटोनिओ स्पर्सचे ग्रेग पोपोविच यांनी २०१२ मध्ये मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकनसह चार प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी धाडले, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. तिकीट काढलेल्या चाहत्यांची तक्रार तिथे उलट होती: आमच्या पुढ्यातच का बसवले?

२०२४-२५ मध्ये मुनिमाच्या दप्तराला सोन्याचे दिवस आले. हार्टने सामन्यामागे ३७.६ मिनिटे खेळून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. एकूण मिनिटांत ब्रिजेस पहिला आला. ब्रन्सन, हार्ट, ब्रिजेस, अनुनोबी आणि टाउन्स हे पाच जण एकत्र जितका वेळ खेळले, तितका वेळ लीगमधली दुसरी कोणतीही पाचजणांची फळी खेळली नाही. मार्चमध्ये पोर्टलंडमधल्या सामन्याआधी ब्रिजेस पत्रकारांना म्हणाला, की मिनिटे कमी करण्याविषयी आपले प्रशिक्षकांशी बोलणे झाले आहे. थिबोडो म्हणाले, असे बोलणे झालेच नाही. मुनिमाला खुद्द खेळाडूच साक्षीदार मिळाला. त्याच रात्री सामना जादा वेळेत गेला आणि थकलेल्या ब्रिजेसने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फटका मारून निक्सला ११४-११३ असे जिंकून दिले. २०१८ मध्ये एनबीएत आल्यापासून एकही सामना न चुकवलेल्या या साक्षीदाराने अशी साक्ष फिरवल्यामुळे त्या रात्री मुनिमाला जल्लोष करावा की निषेध, हे ठरवता आले नाही. त्याने दोन्ही केले.

त्या वर्षी निक्सने ५१ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये गतविजेत्या बॉस्टनला हरवले आणि २००० नंतर प्रथमच ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर पुन्हा पेसर्स. पहिल्या सामन्यात तीन मिनिटांच्या आत वेळ उरला असताना निक्सकडे १४ गुणांची आघाडी होती. अ‍ॅरन नेस्मिथने तीन-तीन गुणांची बरसात केली. शेवटी टायरीस हॅलिबर्टनचा फटका रिंगवर आपटून उंच उडाला आणि सरळ आत पडला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत निक्स १३८-१३५ असे हरले. तिसऱ्या सामन्यात थिबोडोंनी हार्टऐवजी रॉबिन्सनला पहिल्या पाचांत घेतले आणि आतापर्यंत बाक राखणाऱ्या शॅमेट आणि डेलॉन राइट यांना मैदानात उतरवले. निक्सने २० गुणांची पिछाडी भरून काढून तो सामना जिंकला. हीच गोष्ट वर्षभर सांगत होतो, असे मुनिमाने त्या रात्री भेटेल त्याला सांगितले. मालिका निक्सने ४-२ अशी गमावली.

३ जून २०२५ रोजी निक्सने थिबोडोंना काढले. पंचवीस वर्षांतली सर्वोत्तम मजल मारून तीन दिवस झाले होते. पाच वर्षे ज्याच्या नावाने मुनिमाने बोटे मोडली, तो गेल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. पहिला दिवस तसा गेलाही. पण नंतर निक्सने इतर संघांच्या सेवेत असलेल्या प्रशिक्षकांची चौकशी केली, त्या संघांनी एकामागून एक नकार दिले आणि खुर्ची रिकामीच राहिली. तेव्हा मुनिमाच्या तोंडून हळूहळू वेगळीच भाषा निघू लागली. माणूस कष्टाळू होता. निदान बचाव तरी शिकवायचा. असा माणूस काढायचा तर दुसरा हाताशी नको का? जुलैमध्ये माइक ब्राउन आले. त्यांनी बाकाचा वापर वाढवला, हार्ट आणि ब्रिजेसची मिनिटे घटली. मागणी मान्य झाल्यावर मुनीम नव्या रकान्याकडे वळला: रंगात आलेल्या खेळाडूला काढलेच कसे?

याचे उत्तर शोधत तो पश्चिम किनाऱ्यावर गेला असता, तर तिथे त्याला भाऊबंद भेटले असते. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीव्ह कर यांनी २०२४-२५ चा हंगाम बारा-तेरा जणांना खेळवत सुरू केला. इतके उदार वाटप कोणी करत नाही. तिथल्या चाहत्यांचे गाऱ्हाणे असे, की कोणाचाच जम बसत नाही. त्याच हंगामाच्या अखेरीस कर यांनी जोनाथन कुमिंगाला निर्णायक सामन्यात एक मिनिटही दिले नाही, तेव्हा गाऱ्हाणे पुन्हा मूळ पदावर आले.

न्यूजर्सीतल्या मराठी वस्तीतही हा प्रकार चांगला रुजला आहे. एडिसनहून गाडी पकडली की पेन स्टेशन येते आणि त्याच्याच डोक्यावर निक्सचे घर, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. या मंडळींना वेगळे शिक्षण लागत नाही. बाराव्या खेळाडूवर अन्याय झाला, हे सांगण्याचा सराव त्यांना क्रिकेटने घरबसल्या दिलेला असतो. फरक एवढाच, की बाराव्या खेळाडूला निदान पाणी घेऊन तरी मैदानात जायला मिळते.

मिनिटांच्या मुनिमाचा स्वभाव यावरून स्पष्ट होतो. त्याचे बहुतेक आकडे खरे असतात, काही आक्षेपही खरे असतात आणि पोटतिडीक तर सर्वांत खरी असते. खेळात त्याला एकही पास देता येत नाही, एकही बास्केट करता येत नाही. प्रशिक्षकही फटका मारत नाही, फक्त कोणाला बसवायचे ते ठरवतो. संपूर्ण मैदानात हे एकच काम असे आहे, की जे आपल्यालाही जमले असते अशी त्याची खात्री असते. ती खात्री आकड्यांनी कमी होत नाही आणि विजेतेपदानेही होणार नाही. विजेतेपद मिळाले, तर ते किती मिनिटे आधी मिळू शकले असते, याचा हिशेब त्याच्याकडे असेल.