स्वयंसुतार

स्वतःच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण स्वतःच्या हातांनी करणाऱ्या, निदान करायला घेणाऱ्या, मध्यमवर्गीय गृहस्थाला स्वयंसुतार म्हणावे. शब्द कोशात सापडणार नाही. पण स्वयंपाकातला ‘स्वयं’ तेवढा उचलून ज्याने पाक बायकोकडे ठेवला, त्याला दुसरे नाव शोभत नाही. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक या भागांत ही जात विपुल आढळते. वय साधारण ४५ ते ६०. शिक्षण बहुधा अभियांत्रिकीचे, आणि स्थापत्य सोडून कोणत्याही शाखेचे. स्थापत्य अभियंता स्वतःच्या घराला हात लावत नाही. पुढे काय होते ते त्याला ठाऊक असते. स्त्रिया या जातीत अपवादानेच, कारण स्वयंपाकघर कशासाठी असते हे त्यांना माहीत असते.

लागण कोटेशनपासून होते. मॉड्युलर किचनवाल्याचा माणूस येतो, लेझरने मापे घेतो, चहा घेतो आणि चार दिवसांनी रंगीत चित्रांसह आकडा पाठवतो. आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘ओटा, टाइल्स, प्लंबिंग व टॅक्स वेगळे’ असे असते. गृहस्थ कागद दोनदा वाचतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, “आहे काय यात एवढं? चार फळ्या आणि आठ बिजागऱ्या!” हे वाक्य तोंडातून गेल्यावर कोणी बरा झाल्याचे उदाहरण नाही.

पहिली अवस्था अभ्यासाची. ती दोन ते चार महिने टिकते आणि गृहस्थाच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ असतो. या काळात त्याला ‘कामाचा त्रिकोण’ भेटतो. सिंक, शेगडी आणि फ्रीज ही तीन ठाणी जोडणारा हा त्रिकोण अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असा त्याचा दंडक आहे. कोथरूडच्या ७ बाय ८ च्या स्वयंपाकघरात मधोमध उभे राहिले की सिंक आणि शेगडी दोन्हींना हात पोहोचतो, आणि फ्रीज जागेअभावी हॉलमध्ये असतो. त्यामुळे त्रिकोणाची एक बाजू जेवणाच्या टेबलाखालून आणि दुसरी सासूबाईंच्या आरामखुर्चीवरून जाते. गृहस्थ तरीही तो ग्राफ पेपरवर काढतो आणि रंगवतो.

याच अभ्यासात त्याला फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर सापडते. व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली कामगार वसाहतींसाठी ते आखले. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. म्हणजे आपल्याकडच्या ब्लॉकमधल्या स्वयंपाकघराचेच भावंड. बाईंनी बायकांच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या, पावले वाचवली आणि आजच्या मॉड्युलर किचनचा पाया घातला. आपण तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हेही त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. बाकीचे सगळे गृहस्थ विसरतो. हे शेवटचे मात्र त्याला पाठ होते आणि घरात वारंवार ऐकवले जाते. घड्याळ लावून मोजण्याचा भाग तो ऐकवत नाही.

दुसरी अवस्था बाजाराची. पुण्यात प्लायसाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट, बिजागऱ्या-कड्यांसाठी बोहरी आळी, वायर-बटणांसाठी तपकीर गल्ली; मुंबईत हत्यारांना नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानाला लोहार चाळ. इथे गृहस्थाला पहिल्यांदा भाषेचा अडसर येतो. देशात मेट्रिक मापे १९५६ च्या कायद्याने आली, पण प्लायच्या दुकानात ती जाडीपुरतीच पोहोचली आहेत: तक्ता ८ बाय ४ फुटांचा आणि जाडी १९ मिलिमीटर. ड्रॉवरचे चॅनल इंचांत, नळ अर्ध्या इंचाचा, सिमेंट किलोत, वाळू ब्रासमध्ये. सुतार या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून सुतात बोलतो. ८ सूत म्हणजे १ इंच. गृहस्थ वहीतून ‘५८७ मिलिमीटर’ असे वाचून दाखवतो. दुकानदार त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि म्हणतो, “साहेब, सुताराला पाठवा ना.”

हत्यारे मात्र तो ऑनलाइन मागवतो, कारण तिथे कोणी सुताराला पाठवा म्हणत नाही. त्याचे गुरू पडद्यावरचे आणि बहुतेक अमेरिकन असतात. त्यांच्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या आणि आतून लाकडी खांबांच्या. ते खांब शोधायला एक यंत्र मिळते. गृहस्थ ते यंत्र घेतो. विटांच्या भिंतीवर ते लावले की कुठेच वाजत नाही, किंवा सगळीकडे वाजते. शेवटी तो अंदाजाने भोक पाडायला घेतो. वीट असेल तर ड्रिल लोण्यासारखे शिरते. सिमेंटचा बीम लागला की ते जागच्या जागी किंचाळत राहते, कारण हॅमरचा खटका फिरवायचा असतो हे त्याला खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन येतात तेव्हा कळते. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत याच्या उलट होते: भोक झटकन पडते, गिट्टी बसते, स्क्रू फिरतो, आणि रात्री अडीच वाजता मसाल्याच्या बरण्यांसकट फळी खाली येते. त्या भिंतीला गिट्टी वेगळी लागते. हे ज्ञान गृहस्थाला हळदीच्या वासासकट मिळते.

यानंतर प्लायची परीक्षा येते. तिच्यावाचून या जातीचे वर्णन पुरे होत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. ओलाव्याच्या जागी मरीन प्लाय वापरावा असे सगळेच सांगतात. त्याला आयएस ७१० हे भारतीय मानक लागू होते, आणि त्यातली एक कसोटी अशी की तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत. सामान्य माणूस शिक्का पाहून प्लाय घेतो. स्वयंसुतार शिक्क्यावर विश्वास ठेवत नाही. तो दुकानातून वीतभर नमुना मागून आणतो, घरातले सर्वांत मोठे पातेले काढतो, पाणी भरतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता प्रयोगाला आरंभ करतो. तुकडा तरंगतो म्हणून त्यावर वरवंटा. पाणी आटते म्हणून दर दोन तासांनी गजर. शनिवारी सकाळी पाहुणे येतात आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाबद्दल सभ्यपणे काही विचारत नाहीत. मरीन प्लायचा डिंक फिनॉल-फॉर्मल्डिहाइड जातीचा असतो. मानकात त्याच्या वासाचा उल्लेख नसला तरी शेजारणीच्या बोलण्यात असतो. रविवारी दुपारी घरातला गॅस संपतो. गृहस्थ खचत नाही. पातेले इंडक्शनवर चढते. सोमवारी संध्याकाळी सात वाजता तो तुकडा चिमट्याने काढून नखाने, मग सुरीने, मग पटाशीने उचकटू पाहतो. थर सुटत नाहीत. तो आनंद सारे घर पाहते. पातेले त्या दिवसापासून भांड्यांच्या हिशेबातून वजा होते. आठ दिवसांनी टेम्पोतून तक्ते येतात, ते वेगळ्याच गठ्ठ्यातले असतात. पण आता पातेले उरलेले नसते.

पाडकाम हा वेळेआधी संपणारा एकमेव टप्पा होय. कडाप्पाचा जुना ओटा एका सकाळी जमिनीवर येतो. आंध्रातल्या ज्या गावाने या काळ्या दगडाला नाव दिले तिथून तो पुण्याला आला, तीस वर्षे गरम कुकर आणि लिंबाचे रस सोसले, आणि पाडताना पहिल्या पाच घावांना दाद दिली नाही. राडारोडा पोत्यांत भरून रात्री दहानंतर लिफ्टने खाली जातो, कारण लिफ्टमध्ये ‘बांधकाम साहित्य नेऊ नये’ अशी पाटी असते आणि ती लावणाऱ्या कमिटीत गृहस्थ स्वतः असतो. घरातला संसार हॉलमध्ये सरकतो. डबे सोफ्यावर, माणसे जमिनीवर. ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून गृहिणी पोळीभाजी केंद्रात पंधरा दिवसांचे पैसे भरते. दुसऱ्या महिन्यात केंद्रवाल्या ताई तिला दिवाळीचा फराळही इथूनच घ्या म्हणून सुचवतात.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत या जातीचा एक सौम्य उपप्रकार आहे. तिथे मजुरी महाग, म्हणून सगळेच थोडेफार स्वयंसुतार. कपाटे खोक्यात येतात, सोबत चित्रांची पुस्तिका आणि ॲलन की. शौर्याला वाव कमी. फक्त चिमणीचा पाइप बाहेर काढायचा राहिला, तर पहिल्या फोडणीला छतावरचा धुराचा गजर वाजतो. हीच खोकी २०२० पासून नवी मुंबईतही मिळू लागली, पण अस्सल स्वयंसुतार तिकडे केवळ मापे घ्यायला आणि बिजागऱ्या उघडझाप करून पाहायला जातो.

सर्वांत नाजूक प्रकरण ओट्याचे. आपल्याकडे ओटा बहुधा ३२ ते ३४ इंच उंच असतो. नियम असा की उभ्या माणसाच्या कोपरापासून चारेक इंच खाली तो यावा. पोळ्या लाटताना खांद्याचा भार पडायचा, म्हणून त्याहूनही थोडा खाली चालतो. गृहस्थाला नियम ठाऊक असतो. तो कोपर मोजतो. स्वतःचे. ओटा ३७ इंचांचा ठरतो. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेले. भाजी लागली की नाही हे पाच फूट उंचीच्या गृहिणीला नाकाने ओळखावे लागते.

दगड बसवायला ‘स्वहस्ते’ या शब्दाचा अर्थ थोडा सैल करावा लागतो. ८ फूट लांब, २ फूट रुंद ग्रॅनाइटचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते. त्यासाठी वॉचमन, इस्त्रीवाला आणि मेहुणा यांना बोलावले जाते. सिंकसाठी कापलेल्या जागेच्या पुढे दगडाची चार बोटांची पट्टी तेवढी उरते, आणि उचलताना दगड तिथेच तडकतो. “भाऊजी, काहीतरी वाजलं,” हे शब्द मेहुणा उच्चारतो, म्हणून ते त्याच्या नावावर कायमचे जमा होतात. दुसरा दगड येतो. या खेपेला गृहस्थ दोन फुटी पाणसळ घेऊन बसतो. ॲल्युमिनियमची, पिवळी, तीन बुडबुड्यांची. लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण. मधला बुडबुडा दोन रेषांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत तो कोणाला श्वास घेऊ देत नाही. इतका सपाट ओटा त्या इमारतीत दुसरा नाही, आणि यात अतिशयोक्ती नाही.

कपाटांविषयी थोडक्यात. दाराला बाहेरून लॅमिनेट लावले तर आतूनही लावावे लागते, नाहीतर प्लाय एका अंगाला ओढला जातो. गृहस्थ आतल्या बाजूचे पैसे वाचवतो. श्रावणापर्यंत दारे पापडासारखी वळतात. टेलिस्कोपिक चॅनलला ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा सोडावी लागते. ती सोडलेली नसते. तयार झालेले चार भक्कम ड्रॉवर कुठेच आत जात नाहीत. त्यांतल्या दोनांत पुढे कढीपत्ता आणि गवती चहा उत्तम येतो.

शेवटी, नेहमी दिवाळीच्या आठवडाभर आधी, मिस्त्री येतो. तो दारात उभा राहून बराच वेळ पाहतो. मग सगळे मिस्त्री विचारतात तेच विचारतो, “साहेब, आधी कोण होता कामाला?” गृहस्थ खिडकीबाहेर पाहत म्हणतो, “होता एक.” मिस्त्री त्या माणसाविषयी आपले मत देतो. गृहस्थ मान हलवतो. एकदोन मुद्द्यांवर तर भरही घालतो. मिस्त्री तीन दिवसांत दारे सरळ करतो, चॅनल बसवतो, सिंकखालची गळती थांबवतो आणि कोटेशनमधल्या फरकाइतकेच पैसे घेऊन जातो. ओट्याला मात्र हात लावत नाही. तो फोडावा लागेल, एवढेच सांगतो.

ओट्याला सिंककडे किंचित उतार द्यायचा असतो. सूत-दोन सूत पुरते. हे प्रत्येक गवंड्याला माहीत असते, म्हणून कुठे लिहिलेले नसते, म्हणून अभ्यासात आलेले नसते. पाणसळीने सपाट केलेल्या ओट्यावर सांडलेले पाणी कुठेच जात नाही. ते शेगडीखाली तळे करून थांबते. गृहिणी सासूबाईंचा जुना सागवानी पाट ओट्यापुढे ठेवते, त्यावर उभी राहून तीन इंच उंची मिळवते, आणि हुकाला टांगलेली पिवळी पाणसळ काढून ते पाणी सिंककडे लोटते. दोन फूट लांब, धार सरळ, वजनाला हलकी; या कामाला ती फडक्याहून चांगली चालते.